फेब्रुवारीची दोरी

अमरावतीच्या तहसील कचेरीत मोरोपंतांनी कोतवाल बुकाचं पान उलटलं आणि त्यांच्या मांडीवर भुसा सांडला. गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींचं ते पुस्तक. १९४३ चा जानेवारी शाबूत होता, मार्चही होता. मधला फेब्रुवारी वाळवीनं पुरा फस्त केला होता.

समोर शालू उभी होती. नर्सच्या ट्रेनिंगला तिची निवड झाली होती. पण १९६१ च्या एक एप्रिलला अठरा पूर्ण झाल्याचा दाखला आज पाचच्या आत जवळच्याच इस्पितळात द्यायचा होता. शाळेत मास्तरांनी सगळ्याच पोरांची जन्मतारीख एक जून लिहून टाकलेली. त्या हिशेबानं ती दोन महिन्यांनी कमी पडत होती. पानच नाही तर दाखला कशाच्या आधारावर देऊ, असं मोरोपंतांनी विचारलं. दफ्तर त्यांच्या ताब्यात होतं. वाईट त्यांनाही वाटत होतं, पण वाईट वाटण्यावर शिक्का मारता येत नाही.

तेव्हा शालूचा आजा जानराव पुढं झाला. तो तीस वर्षं गावचा कोतवाल होता. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, ते दर बाजाराच्या दिवशी ठाण्यात चालत जाऊन सांगायचं आणि तिथल्या मुन्शीनं लिहून घ्यायचं, अशी रीत. लिहिता येत नव्हतं म्हणून जानराव दोरीला गाठी मारायचा. महिन्याला एक दोरी, दिवसाला एक बोट लांबी. पोरगा झाला की दुहेरी गाठ, पोरगी झाली की एकेरी, मयताला काळा धागा; कोणाची कुठली गाठ, ते त्याच्या डोक्यात असायचं. कागदावर त्याचा तसाही भरवसा नव्हता, म्हणून त्या सालच्या दोऱ्यांची जुडी तो पिशवीत घालूनच आला होता.

"तुझीच नात आणि तुझीच दोरी," मोरोपंत म्हणाले. "मी कसा विश्वास ठेवू?"

"मंग मले जानेवारी इचारा. तुमच्यापाशी पान हाय, माह्यापाशी दोरी हाय."

मोरोपंतांनी पुस्तक स्वतःकडं वळवलं. तशी काही गरज नव्हती. वाचता येत असतं तर दोरी कशाला लागली असती? जानराव दोरीवर बोटं सरकवत सांगू लागला. तीन तारखेला पंजाबरावाचा मुलगा. सातला गोदावरीची सासू गेली. मोरोपंत पेन्सिलीनं टिंब देत गेले. शेजारचे दोन कारकून काम टाकून उठून आले. पाच नोंदी झाल्या, पाचही जुळल्या.

"चवदा तारीख. सूर्यभानची पोरगी."

मोरोपंत थांबले. "इथं मुलगा लिहिलाय."

शालूचा चेहरा उतरला. जानरावानं गाठ पुन्हा चाचपली, घाई केली नाही.

"एकेरी हाय. मुन्शी चुकला असन."

मोरोपंतांना राग आला. सरकारी पुस्तकाला दोरी चुकीचं ठरवते म्हणजे काय! चष्मा पुसून त्यांनी ती ओळ शेवटपर्यंत वाचली. शेऱ्याच्या रकान्यात लस टोचणाऱ्यानं पुढं कधीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं : मुलगी, सत्यभामा, देवीची लस दिली.

 मोरोपंतांनी उठून कोपऱ्यातली खुर्ची ओढून आणली.

"बसा, जानराव. आता फेब्रुवारी सांगा."

जानराव बसला. एकोणीस तारखेला एकेरी गाठ होती, शालूची.

साडेचारला तहसीलदार साहेबांची सही झाली. 'आधार' या रकान्यात मोरोपंतांनी 'कोतवालाची दोरी' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. शालू दाखला छातीशी धरून हसत सुटली, तिला थांबवेना.

वाळवीनं आणखी अकरा पानं खाल्ली होती. बाकीच्या दोऱ्या उद्या घेऊन या, असं साहेबांनी बाहेर येऊन जानरावाला सांगितलं. आजवर कुठलाही साहेब गावात आला की त्याच्या गाडीपुढं जानरावानंच पळायचं, असा रिवाज होता. तो खुर्चीवरून उठला नाही.

"तीस वर्सं मी पायी आलो, साहेब. दोऱ्या गाडीनं येतीन."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला कचेरीची जीप गावातून निघाली. जानराव पुढच्या सीटवर होता, मांडीवर दोऱ्यांचं गाठोडं. जीपपुढं कोणीही पळत नव्हतं.