कोरा माणूस

संशोधनासाठी मॅडमना एक कोरा माणूस हवा होता. जन्मात अँटिबायोटिक न घेतलेला, ज्याच्या पोटातले जंतू बाकीच्यांच्या जंतूंशी ताडून बघता येतील. आठ महिने त्या विचारत फिरल्या. कुणी शिंक आली की गोळी घेत होतं, कुणी बहिणीच्या उरलेल्या संपवत होतं. खुद्द नवरा म्हणाला, "परवाच घेतली एक. घसा धरला होता."

शेवटी प्रयोगशाळेतले मामाच सापडले. "आपण गोळीच्या वाटेलाच जात नाही," म्हणाले.

आज मामांच्या जंतूंची प्लेट समोर होती. मॅडमनी वर्षभर रसायनं घालून मुद्दाम निगरगट्ट बनवलेल्या जंतूंसारखेच हेही तपासलेल्या सातही अँटिबायोटिकना दाद देत नव्हते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"मामा, दवाखान्यात कुणाच्या उशाशी बसला होतात का?"

"नाही."

"घरी कोंबड्या, जनावरं?"

"छे."

"मग दिवसभर असता तरी कुठं?"

मामांनी ओले हात शर्टाला पुसले.

"इथंच की, मॅडम. बावीस वर्षं तुमच्या ह्याच प्लेटा धुतोय."