छत्तीस आरे

मिस्त्रीने चाकाच्या सातव्या आऱ्यावर पान्याने हलकेच टिचकी मारली, समाधानाने मान डोलावली आणि आठव्याकडे वळला.

मागे चहाचे कप घेऊन त्याची धाकटी बहीण उभी होती. दोन दिवसांसाठी आली होती. "दादा, तो ढिला आहे," ती म्हणाली. मिस्त्री नववा वाजवत होता. तिने पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं, आणि शेवटी त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"अरे, ऐकू येत नाही का तुला?"

"रस्त्यावर केवढा कालवा चाललाय! त्यात काय ऐकू येणार, कपाळ?"

भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

चाक दिसायला मात्र देखणं झालं होतं. जुन्या मोटारसायकलचं मागचं चाक. आलं तेव्हा गंजाने पार खाल्लेलं. मिस्त्रीने तीन दिवस खपून छत्तीसच्या छत्तीस आरे सोडवले, रॉकेलमध्ये भिजत घातले, तारेच्या ब्रशने घासले, पॉलिश पेपरने उजळले आणि परत रिममध्ये ओवले. आता ते सगळे सारखे आवळायचे तेवढे राहिले होते. ताणलेला आरा टिंग वाजतो, ढिला थप्प. वडिलांनी शिकवलेल्या या एवढ्याशा विद्येवर मिस्त्रीने पन्नास वर्षं काढली होती.

गेलं वर्षभर त्याला सगळे आरे सारखेच वाजत होते. म्हणजे वाजतच नव्हते. पण मोडेन पण वाकणार नाही असला स्वभाव, सांगणार कुणाला? मागच्या महिन्यात त्याने दिलेलं एक चाक भर रस्त्यात डुगडुगायला लागलं. गाडी हळू होती म्हणून निभावलं. आणि हे चाक पाच वाजता न्यायला येणारा माणूस आपल्या लहान मुलीला मागे बसवून फिरवणार होता.

बहिणीने कप खाली ठेवले. सातवा आरा दोन बोटांत धरला आणि हलवला. तो चांगला खडखडत हलला. ती खडखड मिस्त्रीला ऐकू आली नाही, पण आरा हललेला दिसला. पितळ उघडं पडलं.

"कधीपासून?" तिने स्वतःच्या कानाला हात लावून विचारलं.

"झालं वर्ष."

"आणि बोलला नाहीस! शहाणाच आहेस." तिने बाह्या वर सारल्या. "हं, तू पीळ. मी ऐकते."

साठी उलटलेली बाई. जन्मभर शिलाई मशीन चालवलेली. ती एकेका आऱ्यावर टिचकी मारायची, अंगठा वर केला की मिस्त्री अर्धा फेरा आवळायचा, खाली केला की सोडायचा. एकदा तो आपल्याच अकलेने जास्त पिळायला गेला, तर तिने त्याच्या हातावर फटका मारला. दोघंही हसले. छत्तीस आरे झाल्यावर मिस्त्रीने चाक गरागरा फिरवलं. रिम एका रेषेत फिरत राहिली, केसभरही इकडेतिकडे नाही.

असं चाक त्याच्या हातून उभ्या जन्मात झालं नव्हतं. हे त्याचं त्याला कळलं.

"चिमे, हे कुठं शिकलीस गं तू?"

ती त्याच्या कानाशी वाकली. "बाबा तुला शिकवायचे ना, तेव्हा मी आत खिडकीखाली बसायचे. तू चुकलास की मी आतून ओरडायचे, ढिला! एकदा बाबा हसले. मला वाटलं, आता मला हाक मारतील. दुसऱ्या दिवशी बघते तर खिडकीच बंद." तिने एका आऱ्यावरून बोट फिरवलं. "पोरीच्या जातीने तोंड घातलेलं आवडलं नसेल त्यांना. मी मात्र मनात धरलं ते धरलंच. बाबा गेले तेव्हाही टिपूस गाळलं नाही मी. सगळी माणसं बघत होती."

मिस्त्री पाना पुसत बसला. ऐकू आलं नाही म्हणायची सोय होती. आज तर ते कुणी खोटंही मानलं नसतं.

"खिडकी मी लावली," तो म्हणाला. बहिरी माणसं बोलतात तसं, घर डोक्यावर घेऊन. "बाबा म्हणाले होते, उद्यापासून पोरीला बाहेर बसव, कान तिचा आहे. मी म्हटलं, ती नको म्हणते. त्यांनी परत विचारायला पाठवलं. मी दारापर्यंत गेलो, परत आलो, आणि परत तेच सांगितलं. पंधरा वर्षांचा होतो गं. जळलो तुझ्यावर."

चाक न्यायला आलेलं गिऱ्हाईक उंबऱ्याशी येऊन थबकलं. आत यावं की जावं, त्याला कळेना.

आता ही भांडेल, वाट्टेल ते बोलेल, निदान उठून तरी जाईल, म्हणून मिस्त्री मान खाली घालून बसला होता. तिने त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, तिचे ओठ त्याला दिसावेत म्हणून.

"काय म्हणाले होते बाबा?"

"कान तिचा आहे."

"परत सांग."

त्याने परत सांगितलं.

"अजून एकदा," ती म्हणाली.