सुताराचा कान

जुने गोठे दुरुस्त करताना थोरला सुतार प्रत्येक खांबावर हातोडी मारून कान लावायचा. भरीव वाजला तर चढायचे, पोकळ वाजला तर टेकू द्यायचा. आसपासची कोठारे याच कानाच्या भरवशावर पुन्हा उभी राहिली. देवाने हातातली कला ठेवली, पण कान परत मागून घेतले. काम जाईल म्हणून त्याने हे सोबत काम करणाऱ्या धाकट्या भावापासूनही लपवले. ओठ वाचून वेळ निभावायचा. आज त्याने मधला खांब ठोकला. ऐकू काहीच आले नाही. “दादा, खांबाची ख्यालीखुशाली कळली असेल तर चढू का?” धाकटा हसला. “खणखणीत आहे, चढ!” म्हणत थोरला पुढच्या खांबाकडे वळला. पायाखालची जमीन हादरल्यावर त्याने मागे पाहिले. तुळईखाली धाकट्याचे ओठ हलत होते, पण धुळीत ते वाचता येईनात. त्याने ओठांना कान टेकवला. कानाला नुसती ऊब लागली.