धनंजयचा हुंकार

तिसऱ्यांदाही चुकलं.

पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळत होती. हवं ते अक्षर आलं की हनुवटीनं कळ दाबायची, एवढंच काम. पण 'क' येऊन गेला, 'ख' येऊन गेला, आणि धनंजयची मान कळीवर आदळली तेव्हा यंत्र मोठ्यानं म्हणालं, "ठ!" मान त्याच्या ताब्यात जन्मापासूनच नव्हती. वय तिशीच्या पुढे, तोंडात शब्द एकही नाही.

इला मॅडमनी यंत्राची वायर गुंडाळायला घेतली. वर्ध्याच्या संस्थेतून त्या सकाळच्या एसटीनं समुद्रपूरला आल्या होत्या. माणसाच्या वतीनं बोलणारं हे यंत्र संस्थेकडे एकच शिल्लक होतं, आणि ज्याला अक्षरओळख आहे त्यालाच ते द्यायचं, असा नियम होता. नियम मॅडमनी केलेला नव्हता, पण त्या तो मोडणाऱ्यातल्याही नव्हत्या.

"काऊन गुंडाळून राह्यल्या, मॅडम?" चहा घेऊन आलेल्या रुख्माबाई दारातच थबकल्या. "माह्या पोराले सारं समजते. अक्षरं येतात त्याले."

प्रत्येक आईला आपलं लेकरू बृहस्पती वाटतं. मॅडमना या वाक्याची सवय होती, आणि खरं सांगायचं तर थोडा कंटाळाही.

"कोणी शिकवली?"

"याच्या बाबानं." रुख्माबाईंनी भिंतीवरच्या फोटोत हारात बसलेल्या नानाजींकडे पाहिलं. "याले मांडीवर घेऊन रोज पेपर वाचत. अक्षराखाली बोट फिरवत. आता ते नाई, पण वाचन नाई थांबू देलं. रोज संध्याकाळी आम्ही वाचतो."

"म्हणजे तुम्ही वाचता आणि तो ऐकतो."

रुख्माबाई काहीतरी बोलणार होत्या. मग पदर सारखा करत एवढंच म्हणाल्या, "एकडाव पाहून घ्या न. मंग खुशाल जा."

मॅडमनी पर्समधून आजचा पेपर काढून दिला. घरातलं पाठ झालेलं पुस्तक नको, एवढ्या त्या हुशार होत्या.

रुख्माबाईंनी पेपराची घडी धनंजयच्या खुर्चीला बांधलेल्या पाटावर उभी केली, अगदी त्याच्या तोंडासमोर. स्वतः बाजूला बसल्या आणि मान वाकडी करून वाचू लागल्या. अशानं बाईंची मान आखडेल, मॅडमच्या मनात आलं.

"का-प-सा-ची," रुख्माबाई बोट सरकवत म्हणाल्या.

"हूं," धनंजयनं घशातून आवाज काढला.

"आ-व-क."

"हूं."

मॅडमनी चहाचा घोट घेतला. हे त्यांच्या ओळखीचं होतं. लहानपणी आजी गोष्ट सांगायची तेव्हा कोणीतरी हुंकार द्यावाच लागे. हुंकार देणारा झोपला की गोष्ट बंद. आवाज थांबला की 'हूं' म्हणायचं. त्यासाठी अक्षरं यावी लागत नाहीत.

"खरेदी... केंदर."

धनंजय गप्प.

"केदार?"

गप्पच. उलट आता भुवया वर गेलेल्या.

रुख्माबाईंनी बोट मागे घेतलं, अक्षराला पुन्हा भिडवलं. "कें... केंद्र?"

"हूं!"

बाई अडखळल्या की पोरगाही गोंधळतो, मॅडमनी स्वतःशी नोंद केली. पुढे 'उद्घाटन' आलं. त्यानं तर रुख्माबाईंना घाम फोडला. चार वेळा तोंडावर आपटल्या, चार वेळा खुर्चीत शांतता. पाचव्यांदा शब्द साधला तेव्हा हुंकार असा खणखणीत आला की पाटावरचा पेपर हलला, आणि दोघं मायलेक एकमेकांकडे बघून हसले.

मॅडमना दोघांची माया आली. पण मायेवर यंत्र देता येत नाही. त्यांनी वायरचा शेवटचा वेढा घेतला आणि निघता निघता सहज विचारलं, "चष्मा बदलायला हवा तुमचा, बाई. शाळा कितवीपर्यंत झाली?"

रुख्माबाईंची नजर खाली गेली. ही गोष्ट त्यांनी गल्लीत कोणाला सांगितली नव्हती.

"शाळा कुठची, मॅडम? हे होते तंवर सहीच्या जागी माहा अंगठाच लागे. बाराखडी तेवढी चुलीपाशी बसून आयकलेली. हे गेले अन् घरातला पेपर मुका झाला. हा रडे. मले काई सुचेना. एक दिवस पेपर याच्यापुढं उभा केला, एका अक्षरावर बोट ठेवलं, अन् तोंडाले येईन ते म्हणत गेली. क म्हटलं, गप्प. ख म्हटलं, गप्प. ग म्हटलं, अन् यानं हूं केलं."

मॅडमच्या हातातला वायरचा वेढा सुटला.

रुख्माबाईंनी मान वर केली. "मी काय याले वाचून दाखवीन? मले वाचाले यानंच शिकवलं, मॅडम."

"हूं," धनंजय म्हणाला.