दिवाणाचं काम

"कोणाले काही बोलाचं आहे काय?" सरपंच भय्याजींनी विचारलं आणि ग्रामसभेवरून नजर फिरवली. बोलायचं सगळ्यांनाच होतं. पण जो तो खाली बघत राहिला.

ठराव गावतलावाचा होता. पाच वर्षं तलाव मासळीसाठी बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचा. मासळी वाढवायची तर पाणी राखावं लागणार, आणि पाणी राखायचं तर पाट सुटणार नाही. धान गर्भावर आलेला. हे एक पाणी चुकलं की पाटाच्या टोकाच्या बांध्यांत, त्या भातखाचरांत, दाण्यावाचून नुसतं तणस उरणार. भय्याजींच्या वावरात दोन बोअर होते. त्यांचं तलावावाचून काही अडत नव्हतं.

शाळेच्या पडवीत खांबाला टेकून बसलेल्या परसरामला हे सगळं कळत होतं. त्याच्या दोन बांध्या अगदी पाटाच्या शेवटाला. पण तो भय्याजींचा ट्रॅक्टर चालवायचा, आणि त्यांच्यासमोर "जी" सोडून दुसरा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नव्हता.

निघायचा तो फक्त मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकात. दिवाळी झाली की गावात नाटक व्हायचं. दरवर्षी नाटक नवं, पण मांडणी तीच. भय्याजी दयाळू जमीनदार. बुद्धविहारामागच्या मोहल्ल्यातला परसराम त्यांच्यावर उलटणारा दुष्ट दिवाण. कोणी तसं ठरवलं नव्हतं, आणि वेगळं काही करावं असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. दिवाणानं जमीनदाराच्या तोंडावर "नाही" म्हटलं की अख्खा मंडप हुर्यो करायचा. मग जमीनदाराचा इमानी नोकर झालेला देवाजी धावत यायचा, दिवाणाचा दंड धरून त्याला फरफटत न्यायचा, आणि गाव समाधानानं घरी जायचं.

"बाबा, तुमी काहून वाईट होता?" असं एकदा खुशबूनं, त्याच्या लेकीनं, विचारलं होतं.

"मालकाले उलटून बोलते तो वाईटच रायते, बेटा," तो म्हणाला होता. आपण काही चुकीचं सांगतोय असं त्याला वाटलंही नव्हतं.

"तं मंग मंजूर," भय्याजी म्हणाले. ग्रामसेवकानं पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात मागून कुंताबाई कडाडली. एकटी बाई, नवऱ्यामागं एकच बांधी राखून होती. "अरे परश्या, नाटकात तं मोठा बोंबलतेस! आता काहून मुका झाला?"

सभा हसली. भय्याजीही हसले. "बोल ना रे दिवाण! होऊन जाऊ दे एक डायलॉग."

परसराम उठला. हात जोडून पुन्हा खाली बसावं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण मान वर केली तर समोर दरवर्षीचंच दृश्य दिसलं. सगळं गाव जमिनीवर, आणि भय्याजी खुर्चीत. त्याची छाती आपोआप पुढं आली. पाय रोवले गेले.

"सरकार!" तो गरजला. पोरांनी हुर्यो केली. बायकांनी तोंडाला पदर लावला.

"सरकार, तलाव तुमच्या एकट्याचा नाही! याची माती आमच्या बापजाद्यायनं डोक्यावर वाह्यली. पाणी पयले धानाले, मंग मासोळीले. हा ठराव आमाले मंजूर नाही!"

हसू तिथल्या तिथं विरलं. हे कोणत्याच नाटकातलं नव्हतं.

भय्याजींच्या ओठांवर हसू तसंच राहिलं, डोळ्यांतलं मात्र गेलं. "बस खाली, परश्या. पुरे झालं नाटक."

परसराम बसला नाही. आता काय होतं ते त्याला पाठ होतं, म्हणून तो दंड आवळून उभा राहिला. आणि खरंच, बाजूचा देवाजी उठला. परसरामच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि खाल मानेनं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "मले बी मंजूर नाही."

मग कुंताबाई उठली. मग पाटाच्या शेवटाची सगळी माणसं उठली. मग ज्यांच्या बांध्या तलावाला लागून होत्या, ती माणसंही उठली. ग्रामसेवकानं पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी परसरामकडून ट्रॅक्टरची चावी गेली. त्याची बायको तुळसा डब्यातले उरलेले तांदूळ मोजत बसली. संध्याकाळी देवाजी दारात आला आणि उद्यापासून माझ्या वावरात ये म्हणाला. पाठोपाठ आणखी बोलावणी आली. पाट सुटला, शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचलं, लोंब्या भरल्या. तलावाच्या पाळीवर पोरांचा खेळही बदलला. ज्याला त्याला दिवाण व्हायचं होतं. जमीनदार व्हायला भय्याजींचा नातूसुद्धा तयार नव्हता.

दिवाळी झाली. नाटक बसवणाऱ्या सुगत मास्तरनं कामं वाटायला शाळेत सगळ्यांना बोलावलं. भय्याजी येणार नाहीत, असंच सगळे धरून चालले होते. पण ते आले. पंचायतीची निवडणूक तोंडावर होती. सुगत मास्तरनं खुर्ची पुढं केली, ती त्यांनी हातानंच बाजूला सारली आणि ते परसरामजवळ सतरंजीवर टेकले. दाढी खाजवली. मग खाकरले.

"परसरामभाऊ," ते म्हणाले, "यंदा दिवाणाचं काम मले देता काय?"