ओठांमागून आवाज

पांढुर्ण्यात व्हिडिओ एडिटिंगचं दुकान चालवणाऱ्या प्रणालीला व्हिडिओंचा हा आजार रोजचाच होता. ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो.

"वत्सलाकाकू, फोन सेकंदाला कधी तीस चित्रं घेते, कधी चोवीस. मी सारे सारखे तीस करून राहिली. बसते आता आवाज जागेवर."

भर दुपार होती. पहिल्या पुण्यस्मरणाला दाखवायचा म्हणून वत्सलाकाकूंनी नवऱ्याचा, उत्तमरावांचा, शेवटचा व्हिडिओ आणला होता. लेकीनं, पल्लवीनं, संत्र्याच्या बागेत काढलेला.

प्रणालीनं तो तीस चित्रांचा करून घेतला. मोटरपंपाची धडधड जागेवर बसली, पल्लवीचं हसू बसलं. उत्तमरावांचा आवाज तेवढा मागेच राहिला. तिनं पुन्हा केलं, तर तो आणखी मागे गेला. शेवटी तर ते हसून काहीतरी बोलले आणि आवाज यायच्या आतच व्हिडिओ संपला.

"आता याले काय म्हणावं!" प्रणाली वैतागली.

"राहू दे माय." काकूंनी पडद्यावरून हात फिरवला. "ते असेच होते. बोलाले वेळ लावत, पण बोलल्याबिगर राहत नव्हते."

"उद्या पाहू," म्हणत प्रणालीनं कॉम्प्युटर बंद केला. स्पीकरची वायरही काढून ठेवली. काकू डोळे पुसत पायऱ्या उतरल्या.

तेव्हा स्पीकरमधून, जरासा हसतच, आवाज आला.

"पल्लवीची माय, थैली राहिली तुही."

प्रणालीनं वळून पाहिलं. काकूंची थैली स्टुलावरच होती.