पुढचं दार

पुढचं दार वाजलं.

रोंडा ब्लॅगडन हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली. त्या दाराला आतून बटाट्यांची पेटी टेकवलेली होती आणि पेटीवर नवऱ्याचे, सेल्बीचे, हिवाळी बूट होते. स्पिलर्स कोव्ह गावात पुढचं दार कुणी वापरत नाही. शेजारीपाजारी मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात शिरतात, थाप मारत नाहीत, किटलीसुद्धा स्वतःच चढवतात. पुढच्या दारानं येतात ते परके. नवा पाद्री, मतं मागणारे, नाहीतर पोलीस. निवडणुका झाल्या होत्या आणि पाद्री जुनाच होता.

पुन्हा टकटक. हळू, पण चिकाटीची.

"मी काही केलेलं नाही," रोंडा स्वतःशीच पुटपुटली. गेले काही आठवडे ती हे वाक्य घोकत होती.

मासळीचा कारखाना बंद पडला तेव्हा निम्मं गाव देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टाला गेलं. सेल्बीही तिकडेच तेलविहिरींवर. 'तूही ये,' म्हणून त्यानं फोनवर किती विनवण्या केल्या. पण रोंडा हटून बसली. या गावात तिला कुणी 'तू कोण, कुणाची?' असं कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती. तिला इथेच राहायचं होतं आणि सेल्बीलाही परत आणायचं होतं. म्हणून ती इंटरनेटवर घरबसल्या काम शोधायला लागली.

ती बावळट नव्हती. नोंदणीची फी मागणाऱ्यांना तिनं वाटेला लावलं. प्रशिक्षणाच्या नावाखाली उकळू पाहणाऱ्या एकाला तर चांगल्या सणसणीत शिव्या लिहून पाठवल्या. शेजारची थर्झामावशी, वय ऐंशीच्या पुढे, ते ऐकून चहा सांडेपर्यंत हसली होती.

"बरी खोड मोडलीस मेल्याची! मला पण शिकव गं, खरा कोण नि खोटा कोण."

"सोपं आहे, मावशी. पैसे मागेल तो चोर. देईल तो खरा."

मग हे काम चालून आलं. कंपनीच्या गिऱ्हाइकांचे पैसे आपल्या खात्यावर घ्यायचे, आपला वाटा ठेवायचा, उरलेले पुढे पाठवायचे. तिच्याकडे कुणी एक सेंट मागितला नाही. उलट पहिल्याच आठवड्यात कमाई झाली. अट एकच होती: माणूस इथलाच हवा, जुन्या घराण्यातला, चार गावांत नाव माहीत असलेला. ब्लॅगडन मंडळी या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची. आपल्या नावालाही कुठेतरी किंमत आहे, याचा रोंडाला अभिमानच वाटला.

पैशांबरोबर कधी कधी निरोपाची एखादी ओळ यायची. एकदा आली, 'घाबरू नकोस बाळा, आजी आहे ना.' गिऱ्हाईक असं कशाला लिहील? त्या दिवशी रोंडाला जेवण गेलं नाही. मग तिनं उपाय काढला. वाचायचंच नाही. ना नाव, ना निरोप. नुसता आकडा बघायचा आणि पुढे धाडायचा. तिनं डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं आणि त्यानंतर तिला झोपही बरी लागली, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याच कमाईतून तिनं सेल्बीचं विमानाचं तिकीट काढलं. तो कायमचा घरी यायला निघणार होता.

टकटक थांबेना. पोलिसांना काय सांगायचं ते तिनं पुन्हा एकदा जुळवलं. मी कुणाकडे काही मागितलं नाही. मी कुणाला ओळखतसुद्धा नाही. मग पेटी बाजूला ओढली. ओलीनं फुगलेलं दार खांदा लावून उघडलं.

धुक्यात थर्झामावशी उभी होती. अंगावर चर्चला जायचा कोट, दोन्ही हातांत घट्ट धरलेली पर्स.

रोंडाचा जीव भांड्यात पडला. "मावशी! अगं, काळजाचं पाणी केलंस की माझ्या! ये, चहा टाकते."

मावशी उंबऱ्याबाहेरच राहिली.

"काल फोन आला होता," ती म्हणाली. "तुमचा नातू कॉलिन टोरांटोत कोठडीत आहे म्हणे. वकिलाला लगेच पैसे पाठवा. मी म्हटलं, पैसे मागेल तो चोर. फोन ठेवणारच होते. तर तो बाबा म्हणतो, विश्वास नसेल तर पैसे कुणाकडे जाणार ते नाव तरी बघा. तुमच्याच भागातलं माणूस आहे आमचं."

रोंडाला कालचा आकडा आठवला. आजवरचा सगळ्यात मोठा. वाटा काढून घेऊन तिनं तो तासाभरात पुढे धाडला होता.

"बघितलं मी," मावशी म्हणाली. "तुझं नाव आलं. म्हटलं, रोंडा मधे आहे म्हणजे काळजी नाही. होते नव्हते ते सगळे पाठवले, बिनघोर."

"आणि... कॉलिन?"

"कामावर होता तो. त्याला काय झालंय?"

धुक्यातून समुद्राचा आवाज येत होता. रोंडाला भयंकर लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही भीती.

"मावशी, मला खरंच माहीत नव्हतं गं," ती कशीबशी म्हणाली. "अशी बाहेर नको उभी राहूस. मागचं दार उघडंच होतं की."

"हो, पाहिलं," मावशी म्हणाली. "पण त्या दारानं ओळखीच्या घरी जातात."